चौथं कच्चं

४ डिसेंबर, गुरुवार

नोटीस बोर्डावर चार नावं. प्राची, मितेश, विश्वजीत — आणि चौथं माझं! अनुया, नववी ब. दोनदा वाचलं. मग पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने परत जाऊन तिसऱ्यांदा वाचलं.

१३ आणि १४ला पनवेलमध्येच स्ट्रिंग ऑर्केस्ट्राचा महोत्सव आहे. बारा शाळा, नववी-दहावीची मुलं. आणि गंमत म्हणजे प्रत्येक शाळेच्या म्युझिकच्या सरांनी-मॅडमनीही मुलांबरोबर बसून वाजवायचं. बघत बसायचं नाही, वाजवायचं! शनिवारी तालीम, रविवारी दुपारी कार्यक्रम. म्हणजे घरत सर आणि मी एकाच ऑर्केस्ट्रात.

आईने लगेच दोन्ही आत्यांना फोन केले. मला म्हणाली, एवढं काही नाचू नकोस. फोनवर स्वतः नाचत होती.

५ डिसेंबर

सातवीत शाळेची घंटा बदलली होती. मी सहज घरत सरांना म्हटलं, जुनी घंटा जरा वरच्या सुरात होती ना? सर माझ्याकडे बघतच राहिले. त्याच आठवड्यात ओव्याहून रिक्षा करून आमच्या कामोठ्याच्या घरी आले. आईला म्हणाले, "वैनी, हिचा कान चांगला हाय. माझ्याकं द्या हिला."

बस्स. तेवढ्यावर माझं व्हायोलिन सुरू झालं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर पेनाने आकडे लिहिले. व्हायोलिनला अंगठा मोजत नाहीत, तिथेच पोरं चुकतात म्हणून. आई संध्याकाळी साबणाने घासत बसली होती.

तोपर्यंत मला कुणीच म्हटलं नव्हतं की माझं काही चांगलं आहे. गणित नाही, अक्षर नाही, रंग तर नाहीच. कान चांगला हाय! ते वाक्य मी दोन वर्षं खिशात घालून फिरतेय.

८ डिसेंबर, सोमवार

आज चिडले. सर हल्ली स्वतः वाजवून दाखवतच नाहीत. "प्राची, तू दाखव." जिकडेतिकडे प्राची. पावसाळ्यापासून हेच चाललंय. प्राची माझी मैत्रीण आहे, पण ती मान तिरकी करून दाखवायला लागली की तिच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटतं.

आणि मी पाच मिनिटं उशिरा पोचले तर सर दारातच, "पहिलं आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. चौथं पोर कुठं हाय?" सगळे हसले. मीही हसले. रिक्षा मिळत नाही त्याला मी काय करू!

१० डिसेंबर

कार्यक्रमातल्या तिसऱ्या धुनेत आठ ओळी फक्त सेकंड व्हायोलिनच्या आहेत, म्हणजे माझ्या गटाच्या. बाकी सगळे थांबतात. आम्ही नऊ जण. आईला आत्ताच सांगून ठेवलंय — तिथे कान दे.

१३ डिसेंबर, शनिवार

हे लिहू की नको कळत नाही. लिहिते.

सकाळी छान होतं. साठ-पासष्ट जण, शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्यांचे अर्धगोल. पुढे मुलं, मागे सर-मॅडम लोक. सुरुवातीला एवढ्या तारा एकदम वाजल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. शिकवायला पुण्याहून कीर्ती मॅडम आल्यात. बारीकशा आहेत, पण आवाज असा की मितेश खुर्चीत सरळ बसला. आयुष्यात पहिल्यांदा! मॅडम म्हणाल्या, ज्याला येत नसेल त्याने गज हवेत फिरवावा, पण खोटा सूर लावू नये. सगळे हसले.

जेवणाच्या सुट्टीत मी बाटली भरायला गेले. कूलरच्या पलीकडे जिना आहे, तिथे घरत सर आणि कीर्ती मॅडम बोलत होते. मी दिसत नव्हते त्यांना. सर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, माझं चौथं कच्चं हाय. पन तुमी काळजी नका करू. त्याचा आवाज बाहेर नाय यायचा. सोय केली हाय मी."

मॅडम म्हणाल्या, "बघा हं सर. उद्या मला एकही वाकडा सूर नकोय."

"कुनाला कळनार पन नाय."

बाटली वरून वाहायला लागली तेव्हा भानावर आले.

चौथं. बोर्डावर चौथी कोण? दारात उभं राहून चौथं पोर कुणाला म्हणतात?

राग आलाच नाही आधी. लाज वाटली. मग डबा उघडला आणि तसाच बंद केला. प्राचीने विचारलं काय झालं. म्हटलं, भाजी आवडत नाही.

१४ डिसेंबर, सकाळी

सातपासून वाजवतेय. चारही पानं तोंडपाठ. शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या. बघूच आता कोण कच्चं ते.

१४ डिसेंबर, संध्याकाळी

मी वाजवलंच नाही.

नीट लिहिते. कार्यक्रम तीनला. पावणेतीनला खोलीत सूर जुळवून झाले होते. माझा गज जरा सैल वाटला म्हणून सरांकडे दिला. (बाकीच्या शाळांतली मुलं बो म्हणतात. आम्ही सरांमुळे गज म्हणतो.) त्यांनी घट्ट करायला घेतला आणि टोकाचा स्क्रू त्यांच्याच हातात सुटला. गजाचे सगळे केस लोंबायला लागले. मी रडायच्या बेतात. बाहेरून रांग लावा म्हणून ओरडत होते. सरांनी स्वतःची पेटी उघडली. आत दोन गज होते, अगदी सारखे. एक मला दिला. "हा घे. माझाच हाय. पळ!"

मला काय वाटलं माहितीय? मला वाटलं, कालचं मी चुकीचं ऐकलं. सरांनी स्वतःचा गज दिला मला! जिना चढताना तो छातीशी धरला होता मी.

पहिला सूर. कीर्ती मॅडमचा हात खाली आला, सगळ्यांबरोबर मीही गज ओढला — आणि काही नाही. तो तारेवरून नुसता घसरला. ओल्या फरशीवरून पाय सटकतो तसा. जोर लावला. नाही. राळ लावलेली नव्हती त्याला, अजिबात नव्हती. राळ नसेल तर गज तारेला धरतच नाही, हे बालवाडीतल्या पोराला पण कळेल. राळेची वडी खाली पेटीत. उठून जाणार कशी?

पाऊण तास मी हात हलवत बसले. सगळ्यांबरोबर खाली, सगळ्यांबरोबर वर. त्या आठ ओळी आल्या, बाकीचे थांबले, आणि आम्हा नऊ जणांतले आठच वाजले. तेवढ्यात मागून, सर-मॅडम लोकांच्या रांगेतून, कुणीतरी थांबायचं विसरलं आणि एक घाणेरडा सूर लागला. कीर्ती मॅडमने झटकन मान वर केली. तो सूर लगेच बंद झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. कच्चे मास्तरांतही असतात.

खाली उतरल्यावर सर गर्दीतून माझ्याकडेच येत होते. "अनुया, थांब गं, जरा बोलायचं हाय." थांबले नाही. गजही दिला नाही परत.

आणि आई! डोळे पुसत होती. म्हणाली, "त्या आठ ओळींत मला तुझंच ऐकू येत होतं. बरोब्बर ओळखलं मी."

आईला मी काही सांगितलं नाही. घरी येऊन गजाच्या केसांवरून बोट फिरवलं. स्वच्छ. पांढरी भुकटी कणभरसुद्धा नाही. विसरून राहिली असं नाहीच, याला कधी राळ लागलेलीच नाही. ही ती सोय.

१५ डिसेंबर

शाळेत गेले नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

कच्ची आहेस म्हणाले असते तर चाललं असतं. खरंच. मागे बस म्हणाले असते, येऊच नको म्हणाले असते, मी दोन दिवस रडले असते आणि झालं असतं. पण तोंडावर "माझाच हाय" म्हणायचं आणि हातात मुकी काठी द्यायची! आणि मी ती छातीशी धरली. त्याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

आज महोत्सवाचे फीडबॅक फॉर्म भरायचे होते. शेवटचा रकाना — आणखी काही सांगायचे आहे का? मी लिहिलं : "घरत सरांनी मला मुद्दाम न वाजणारा गज दिला. मी पूर्ण कार्यक्रम नुसता हात हलवला. त्यांनी हे आधीच ठरवलं होतं, मी ऐकलं आहे." सही केली. अक्षर चांगलं आलं.

१७ डिसेंबर

सर वर्गाबाहेर उभे होते. मी मागच्या जिन्याने गेले.

१८ डिसेंबर, गुरुवार

प्रिन्सिपल निशा मॅडमनी आईला आणि मला बोलावलं. सर आधीच येऊन बसले होते. आईला फॉर्म तिथेच वाचायला मिळाला. तिचा चेहरा बघवत नव्हता. सरांना म्हणाली, "माझ्या घरी येऊन म्हणाला होतात ना तुम्ही, हिचा कान चांगला आहे म्हणून? मग पोरीला असं फसवलंत?"

निशा मॅडमनी विचारलं, "सर, हे खरं आहे?"

मला वाटलं सर काहीतरी सबब सांगतील. मी तयारच होते. सर डावा हात मांडीखाली घेऊन बसले होते, एखाद्या मुलासारखे. म्हणाले, "गज मीच दिला मॅडम. राळ नव्हती त्याला. पोर खरं बोलते. चूक माझी हाय."

"पण का, सर?"

"चूक माझी हाय," एवढंच परत.

बाहेर आल्यावर आईने मला जवळ घेतलं. मी जिंकले होते. जिंकल्यावर भूक लागते असं मला वाटायचं.

२० डिसेंबर, शनिवार

जानेवारीपासून नवीन सर येणार. घरत सरांनी स्वतःच राजीनामा लिहून दिला म्हणे. प्राची माझ्याशी बोलत नाही. तिच्या हातून माझा दुरुस्त केलेला गज आला — नवा स्क्रू, केस विंचरल्यासारखे सरळ, भरपूर राळ लावलेली. चिठ्ठी वगैरे काही नाही.

आता कशाला हे! उद्या ओव्याला जाऊन त्यांचा तो मुका गज त्यांच्या हातात देणार आहे. आणि विचारणार आहे तोंडावर. मनात दहा वेळा म्हणून झालंय.

२१ डिसेंबर, रविवार

सर घरी नव्हते. हात दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. भामाकाकी, सरांच्या मिसेस, दारात होत्या. गज बघून म्हणाल्या, "आगं, ह्यो तुझ्याकं व्हता व्हय? ह्याला राळ लावू नको हां. करंगळी मेली ना त्यांची, पावसाळ्यापासून. नस दाबली हाय. मास्तरांना पन बसायलाच लागतं, म्हनून ह्यो मुका गज त्यांनी सोतासाठी केलेला. त्या दिवशी घाईत आदलाबदल झाली. मंग आठ दिस जेवन नाय धड. कुनाला सांगू पन देत नाय, बोटाचं."

पहिल्या दिवशी माझ्या करंगळीवर पेनाने ४ त्यांनीच लिहिला होता.