निधीचं पहिलं घर

३ फेब्रु.
डॉक्टरसाहेबांकडे मीटिंग. ते गेल्यापासून त्या दिवाणखान्यात पहिल्यांदाच बसले. त्यांच्या नावाच्या निधीतून मेंदूच्या आजारांवर संशोधन व्हायचंय. सुरुवात कुठून? साहेबांच्या पत्नी, आमच्या मॅडम, एवढंच म्हणाल्या, "उमरेडच्या श्यामरावांपासून." साहेबांना त्यांचा आजार शेवटपर्यंत उमगला नाही. तरुण डॉ. ऋचा काम करणार, श्यामरावांच्या घरातल्यांचं रक्त तपासणार. पण ते लोक ओळखतात मला. सव्वीस वर्षं साहेबांच्या पेशंटच्या डोक्याला ईईजीच्या तारा लावल्या मी.

९ फेब्रु.
उमरेड. श्यामराव आता भिंत धरून चालतात. हातमाग कधीच सुटला. वडिलांचं असंच झालं, आजीचंही. त्यांच्या बायकोने, कमलाबाईंनी, चहा दिला, रक्ताचं नाव काढताच म्हणाल्या, "काहून ताई? आमच्या पूजाचं रामटेकले जमून राहिलं. हे बाहेर गेलं तर पोरीले कोण करून घेईल?"
परतताना बसमध्ये स्वतःचाच राग. इतक्या वर्षांत हे मनातच आलं नव्हतं.

१० फेब्रु.
ऋचा : नावं कुठेच जाणार नाहीत, फक्त नंबर.
मॅडम : "तरी आग्रह नको. यांनी कधी केला नाही."

२१ फेब्रु.
माझ्या दारात पूजा! हिंगण्याच्या कारखान्यातून, फर्स्ट शिफ्ट करून थेट. पाणीही न पिता, "मावशी, बाबाचा तोल जाये, तं लोक दारुडा म्हणत होते त्यायले. माह्या शाळेच्या गेटवर. मले माहीत पाहिजे काय आहे ते. आईले मी समजावते."
रामटेकच्या मुलाला सांगितलंस?
"सांगतलं. तो विचार करून राहिला."

१ मार्च
रक्त घेतलं. श्यामरावांचं, त्यांच्या भावाचं. पूजाचं नाही; आधी आजार कळू दे, म्हणाली ऋचा. कमलाबाई आत भांडी घासत. ऋचा वंशावळ लिहायला बसली, श्यामराव अडखळले, तशा हात पुसत बाहेर. "थांब वं पोरी, यायले नाही माहीत. सासूबाईच्या थोरल्या दिरापासून घे..." तासभर सांगत होत्या. किती माणसं! 

१७ एप्रिल
सापडलं!! आजाराला नाव आहे. औषध नाही अजून, पण शोध चालू आहे, आणि आता हे घरही त्या शोधात आहे. श्यामरावांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "म्हणजे बिमारीच होती ना, ताई?"
हो, श्यामराव.
"नाव पुन्हा सांगा बरं." तीनदा सांगितलं.

२६ एप्रिल, रवि.
साहेबांच्या जुन्या दवाखान्यात पूजा आली. स्वतःची तपासणी करायची की नाही, ते विचारायला. सोबत रामटेकचा मुलगा, हातात हेल्मेट. अपेक्षाच नव्हती. ऋचाला म्हणाला, "डॉक्टर मॅडम, मलेही समजावून सांगा. अर्धवट ऐकून काही ठरवत नाही मी."
तिघं आत जाऊन अर्धा तास झाला. मधे पूजाचं हसणं ऐकू आलं. मॅडम पाच कप चहा टाकायला उठल्यात. दार अजून बंद.