अंगठ्याचं मलम

३ मार्च
नव्या बुटांनी डाव्या अंगठ्याला फोड आणला. दुखत अजिबात नाही. बायको म्हणाली, तुम्हाला शुगर आहे, डॉक्टरांना दाखवा. एवढ्याशा फोडाला डॉक्टर कशाला? झेंडू, कोरफड आणि हळद घालून मी स्वतःच मलम करणार. उद्यापासून साखर बंद.

४ मार्च
साखर सोमवारपासून बंद. झेंडूच्या पाकळ्या तेलात मंद आचेवर ठेवल्या. मंद कशाला म्हणायचं यावर माझं आणि गॅसचं जमलं नाही. कढई घासताना बायकोने विचारलं, या वयात ही काय नवीन थेरं? संशोधकाच्या घरी हे चालायचंच.

७ मार्च
मलम जमलं! कोरफडीचा गर तेलात मिसळेना, म्हणून घोटून घोटून खांदा भरून आला. घट्टपणासाठी मेणबत्ती वितळवून घातली. बायकोच्या मते वास ओल्या पायपुसण्याचा आहे. लावलं. वेदना शून्य.

११ मार्च
फोड फुटला. तरी वेदना शून्य. खात्री करायला टाचणी टोचून पाहिली. काही नाही! असं मलम बाजारात नाही. मेहुण्याचा छापखाना आहे, त्याला लेबलांचं विचारलं. तो म्हणाला, भावोजी, लेबल नंतर, आधी पाय दाखवा. घरच्यांनाच आपलं चांगलं बघवत नाही.

१५ मार्च
अंगठा काळपट दिसतोय. जळक्या झेंडूचा रंग उतरला असणार. जास्त मलम लावलं. बायको दोन दिवस बोलत नाही. पटलं असावं.

१८ मार्च
मेहुण्याने जवळजवळ उचलूनच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनची बारीक तार टेकवली आणि विचारलं, कुठे लागतंय? मी ऐटीत सांगितलं, कुठेच नाही. मलमाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या पायाची जाणीव केव्हाच गेलीय, काका. मलमाच्या कितीतरी आधी. घाई करायला हवी.

२० मार्च
अंगठा काढला. बाकीचा पाय वाचला म्हणाले. बायको रडली. मला काहीच वाटलं नाही. पेपर वाचला. दुपारी पेपर खाली केला तर ती पलंगाच्या पायथ्याशी बसलेली. माझ्या उघड्या, उजव्या पायावर तिचा हात होता. किती वेळ होता कोण जाणे.