पेंटरची साक्ष, सुधारून वाढवलेली

६ जानेवारी, सोमवार
चर्चच्या हॉलमधल्या रात्रनिवाऱ्याचा चार्ज आजपासून माझ्याकडे. पाळकसाहेब म्हणाले, ऑफिसात चाळीस वर्षं काढलेला माणूसच हवा होता. हे त्यांना आत्ता सुचलं! खाटा बारा. रस्त्यावर झोपणारे शंभर तरी. संकल्प: तीन महिन्यांत या भागात फुटपाथवर एकही माणूस दिसता कामा नये. लगेच नियम टाईप करून भिंतीला लावले. एकूण एकोणीस. नियम पहिला: दारू पिणाऱ्याला खाट नाही. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, खाटांपेक्षा नियम जास्त झाले. दुर्लक्ष केलं.

८ जानेवारी
सात नंबरची खाट एका म्हाताऱ्याला दिली. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे पेंटर म्हणतात. छातीत घरघर. बुधवारी फुकट तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला पुन्हा उघड्यावर झोपू देऊ नका, हिवाळा काढणार नाही. म्हटलं, मी आहे ना.

१३ जानेवारी
येत्या रविवारी चर्चचा वर्धापनदिन. त्या दिवशी कुणीतरी साक्ष देतं, म्हणजे देवाने आपलं आयुष्य कसं बदललं ते मंडळीसमोर उभं राहून सांगतं. यंदा निवाऱ्यातला माणूस उभा करायचा. कल्पना अर्थात माझी. पेंटरला बसवून त्याची गोष्ट ऐकली. बायको आजारी पडली, दोन वर्षं हा तिच्या उशाशी. कामं गेली, बायको गेली, खोली गेली. संपलं. यात पाप कुठेच नाही! पाप नाही तर पश्चात्ताप कशाचा? मंडळीने काय नुसतं हळहळायचं?

१४ जानेवारी, रात्री ९
साक्ष मीच लिहून काढली. थोडी दारू घातली. पेंटर म्हणाला, साहेब, मी आयुष्यात थेंब घेतला नाही. त्याला समजावलं, तपशिलाला धरून बसू नये, आशय बघावा. त्याने कागद पुन्हा एकदा वाचला. मग विचारलं, हे म्हटलं तर खाट राहील ना? म्हटलं, वेडा की काय, खाट तुझीच. घरी ही म्हणाली, गरिबाच्या तोंडी खोटं घालू नका. हिला लेखनातलं काही कळत नाही.

१९ जानेवारी, रविवार
तुफान यश. ‘रोज बायकोला मारायचो’ हे वाक्य आयत्या वेळी घातलं होतं. त्या वाक्याला पुढचे तीन बाक रडले. ते वाचताना पेंटरही रडला. आवाजात काय कंप! माणसं घडवावी लागतात. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबला.

२२ जानेवारी
समितीची बैठक. सेक्रेटरींनी माझाच नियम पहिला मला वाचून दाखवला. दारुड्याला, तोही बायकोवर हात टाकणारा, खाट दिलीच कशी? काढा त्याला. सगळं खरं सांगून टाकायचं ठरवून हात वर केला. सेक्रेटरींनी विचारलं, अनुमोदन का? सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणालो. अशा गोष्टी घाईत सांगून चालत नाही. उद्या सविस्तर पत्र देणार.

२३ जानेवारी
पेंटर सकाळीच निघून गेला. चादरीची घडी घालून ठेवली होती. मावशींनी मला चहा दिला नाही. पत्राचा मसुदा सुरू. ‘किरकोळ शाब्दिक फेरफार’ हे चांगलं जमलंय.

२५ जानेवारी
कडाक्याची थंडी. पत्र पूर्ण. पण शनिवारी कोण वाचणार? आणि रविवारी पाळकसाहेब थकलेले असतात.

२९ जानेवारी, सकाळी ९
पत्र खिशात घेऊन शेवटी पेंटरला शोधायला निघालो. तीन चौक पुढे, बसस्टॉपच्या बाकावर सापडला. धाप लागली होती. तोंडाला दारूचा वास. म्हणाला, शेजारी झोपणाऱ्याने दिली, जरा ऊब येते. माझ्यावर रागसुद्धा नव्हता. म्हटलं, चल, समितीला सगळं खरं सांगतो. तर म्हणाला, साहेब, आता काय सांगणार? दारूचं आता खरंच आहे, ते राहू द्या. बायकोला मारायचो, तेवढं मात्र खोडा.

हो म्हणालो. कोपऱ्यावर येऊन पत्र उघडून बघितलं. त्यात बायकोबद्दल एक ओळही नव्हती. फार लाज वाटली. परत जाऊन त्याला हे सांगायला हवं होतं. गेलो नाही.