बेलची वायर

११ मार्च, मंगळवार, सकाळ
अखेर निघालो! बेकरीची जुनी व्हॅन, पण आता तिला व्हॅन म्हणणाऱ्याची जीभ झडेल. कॅराव्हॅन! दोन बाक, गॅस, बेसिन, पडदे, सगळं माझ्या हातचं. शेजारी म्हणाले, नटबोल्ट एकदा बघून घ्या. जळतात.
केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये पत्रा आहे, म्हणून इलेक्ट्रिक बेल बसवली. बटण मागच्या दाराशी. हिने दाबलं की मी थांबणार. पुढच्या सीटवर माझा टूलबॉक्स असल्यामुळे हिला मागे बसावं लागतं. पण मागे खिडकी मोठी आहे.
निमित्त हिच्या धाकट्या भावाचं. जहाजावर कुक आहे, चार वर्षांत भेट नाही. जहाज बंदरात लागतंय. त्याला शनिवारी सकाळी गेटपर्यंत यायची परवानगी आहे, दुपारी बाराला जहाज सुटणार. ही ट्रेनने जाणार होती. मी म्हटलं, मी असताना ट्रेन? थाटात नेतो.
संकल्प: प्रवासात चिडायचं नाही.

११ मार्च, संध्याकाळ
बेल. थांबलो. कपाटाचं दार उघडलं होतं. बेल. बेसिन गळत होतं (किंचित). बेल. धावत मागे गेलो, तर म्हणे काही नाही, डोंगर किती छान दिसतोय, तुम्हीपण बघा.
डोंगर बघायला गाडी थांबवायची? ॲव्हरेजचं काय?
चहाला थांबलो तेव्हा बेलची वायर काढून ठेवली. तात्पुरती. हिला सांगितलं नाही. उगाच मन कशाला दुखवा.

१२ मार्च, बुधवार
दिवसभर शांतता. म्हणजे ही मजेत आहे.
जेवताना हिने विचारलं, बेल ऐकू येते ना? म्हटलं, येते तर! पण वळणांच्या रस्त्यावर एकदम थांबणं धोक्याचं असतं. यात खोटं काय आहे? असतंच धोक्याचं.
तरीपण उद्या वायर जोडायची म्हणजे जोडायचीच.

१३ मार्च, गुरुवार
बंदराच्या गावात पोचलो. हातात दोन दिवस. गाव पायी बघतात ते टूरिस्ट. आम्ही कॅराव्हॅनवाले. ही म्हणाली, गल्ल्या अरुंद दिसतात. मी म्हटलं, मापं माझ्या डोक्यात आहेत.
जुन्या बाजारात दोन्ही बाजूंना दोरखंडांची, जाळ्यांची, गंजक्या नांगरांची दुकानं. एका दुकानाचं छप्पर आणि समोरची गॅलरी यांच्यामध्ये अडकलो. हात दाखवून अवलक्षण. अख्खा बाजार रिव्हर्स शिकवायला गोळा झाला. त्यात एक हमाल म्हणाला, साहेब, मागच्या बाई मघापासून बटण दाबतायत, डावीकडे घासतंय म्हणून, तुम्हाला ऐकू येत नाही का?
मी हॉर्न वाजवला.
डावा आरसा गेला, पत्रा फाटला. गाडी गॅरेजमध्ये.

१४ मार्च, शुक्रवार
मेकॅनिक बोलघेवडा निघाला. सगळ्यांदेखत म्हणाला, काका, ही बेलची वायर कुणी काढलीय, जोडून देऊ का? मी त्याला गप्प केलं आणि चहा पाजला. ही जवळच होती, पण पलीकडे क्रेनची घरघर चालू होती. ऐकलं नसावं.
वायर तेव्हाच जोडून घ्यायला हवी होती. पण तिच्यादेखत जोडली असती तर काढली होती हे कळलं असतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.
संध्याकाळी धक्क्याच्या भिंतीवरून हिने लांबूनच जहाज बघितलं. कुठली खिडकी त्याची असेल म्हणाली. मी एक दाखवली. मला काय माहीत?
उद्या सगळं भरून काढणार.

१५ मार्च, शनिवार, दुपार
लिहावंसं वाटत नाही. पण कुठेतरी सांगायला हवं.
गॅरेजमधून गाडी मिळायलाच दहा वाजले, मग निघालो. पंपावर डिझेल घेतलं. ही बाथरूमला गेली. मागचं दार धाडकन लागलं, मला वाटलं ही बसली. निघालो. वाटेत मन भरून आलं. पत्र्याकडे तोंड करून मोठ्याने सगळं कबूल केलं. वायर मी काढली, चुकलो, पुन्हा नाही. मागून उत्तर आलं नाही. म्हटलं, मोठ्या मनाची आहे. हलकं वाटलं. शीळसुद्धा घातली.
गेटवर मेहुणा उभा. भावोजी, ताई कुठे? मी ऐटीत मागचं दार उघडलं. आत पडदे. बाकावर हिचा फोन चार्जिंगला.
पंपावर परत गेलो तर ही निघून गेलेली. पुन्हा गेटवर. शेवटी एका बर्फाच्या टेम्पोतून उतरली, पायात एकच चप्पल. भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवत होती आणि भोंगा वाजला. तो पळत आत गेला. त्याच्यासाठी आणलेला स्वेटर माझ्याच हातात राहिला.
ही ओरडली नाही. एवढंच म्हणाली, दार वाऱ्याने आपटलं होतं, ते उघडून मी पायरीवर चढले तोच गाडी हलली, दारातून हात घालून बटण दाबलं. मग गाडीने हिसका दिला आणि मी पडले.

१६ मार्च, रविवार
सकाळी तिच्यादेखत वायर जोडली आणि तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे, मेकॅनिक म्हणाला ते ऐकलं होतं. मग पंपावर बटण का दाबलंस? तर म्हणाली, वाटलं, त्यानंतर तरी जोडली असेल.
मी पक्कड टूलबॉक्समध्ये ठेवली.
परतीला लागलो. कान बेलकडे. डोंगर आला, बेल वाजली नाही. डोंगर गेला. मीच थांबलो, मागे गेलो. विचारलं, डोंगर दिसला का? दिसला म्हणाली. मग बेल का नाही वाजवलीस? सवय गेली, म्हणाली.
टूलबॉक्स मागे नेऊन ठेवला. पुढची सीट पुसली. ये म्हटलं.
नको म्हणाली. मागे खिडकी मोठी आहे.