कानाची खूण

४ ऑगस्ट

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

सुट्टीत तू तुझ्या सलूनमध्ये माझ्या पिटूला म्हणालास, "केस कापून झाले, आता कान मोजून घे." तिने ते खरं मानून आकांत केला. मग तूच खूण शिकवलीस: गंमत करणारा आपला कान धरतो. घरात छान चाललं होतं. पण तिने ती खूण वर्गातल्या मुलींनाही सांगितली. काल त्यांनी तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडलं, खिडकीतून कान धरून दाखवले आणि घरी निघून गेल्या. ही आत हसत बसली, कारण ती गंमत होती. शिपाईमामांनी कुलूप काढलं तेव्हाही हसत होती. हात मात्र गार पडले होते.

शाळेत भांडून आले. तरी मला फार भीती वाटते रे. उद्या कुणी कान धरून तिला कठड्यावर चढ म्हणालं तर? गंमतबिंमत आता पुरे.

रागावले असले तरी लोभ असू दे.

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हातात वस्तरा धरवेना. पण गंमत बंद केलीस म्हणून कोंडणारे थांबतील का? माझी खूणच अर्धी होती. आपल्या स्वमग्न पोरीला तोंडावरून कळत नाही, म्हणून विचारायचं. कान धरणाऱ्याने म्हणायचं, "बस?" समोरचा बस म्हणाला की गंमत संपली. जो थांबत नाही तो गंमत करत नाही. तिथून ओरडत पळायचं. तू रोज तिच्यावर एक गंमत कर. तुला जमत नाही, ठाऊक आहे. लहानपणी विनोदाचा शेवट तू आधी सांगायचीस.

पिटूच्या दोन्ही कानांना पापा.

२१ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रोज करते आहे. चपलेत बटाटा ठेवला, तर पिटू म्हणाली, "हे घाण आहे, बस." मी थांबले.

आज दवाखान्यातलं काम आटोपून घरी आले, तर दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. ती सामानाची खोली डोळ्यांपुढे आली आणि मी दार बडवत सुटले. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, "पिटू घरात नाही."

मग दार उघडलं. तिने कान धरला होता. माझे डोळे वाहत होते. तिने विचारलं, "आई, बस?"

दादा, तिची ही पहिली गंमत. मी म्हणाले, "नाही, अजून."

तिने दार पुन्हा लावून घेतलं. मी बाहेर हसत उभी राहिले. हात मात्र गार पडले होते.

तुझा लोभ आम्हा दोघींवर राहू दे.

तुझी,
धाकटी