किटोंचा काढा, खिळे आणि विश्वस्तगिरी

१ फेब्रुवारी १८८६, सोमवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांनी ती लिहिलेली बरी, नाहीतर पुढच्यांची पंचाईत होते.
दुकानावर नवा बोर्ड लावला: 'जेबेझ किटो. वसाहतीतील मंडळींसाठी सर्व माल, वनौषधी आणि विश्वस्त सेवा.' इंग्लंडातलं कॉर्नवॉल सोडून इथे दक्षिण ऑस्ट्रेलियात पोल्ड्यूच्या तांब्याच्या खाणीवर आलेल्या माणसाला बूट लागतात, औषध लागतं, आणि तो गेल्यावर मागच्यांचं बघणारा भरवशाचा कुणीतरी लागतो. सगळं एका छपराखाली! आयडिया माझी. माल माझी धाकटी बहीण लव्हडे बघते. वय एकोणचाळीस, लग्नाचं राहून गेलं. मी एकूण धोरण बघतो.
लव्हडे म्हणाली, दादा, विश्वस्ताला आधी लोकांचा विश्वास नको का? बायकांना बिझनेस कळत नाही.
संकल्प: महिनाअखेर निदान एका कागदावर विश्वस्त म्हणून माझं नाव. नाही जमलं तर बोर्ड उतरवायचा आणि मी एप्रन घालून काउंटरमागे उभं राहायचं. हे लव्हडेने कबूल करून घेतलं. घाबरतो कोण!

३ फेब्रुवारी. सकाळी १०.
काढा तयार. गावाबाहेर माजलेलं कडू रानगवत, निलगिरीचा पाला, मिरी, काकवी. रंग डांबरासारखा. पहिला चमचा स्वतः घेतला. चव धीट आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
दुपारभर घरामागेच होतो. पोट साफ होणं हे औषध लागू पडल्याचंच लक्षण.

५ फेब्रुवारी.
मोठी बातमी! कॅप्टन पॉलग्लेझ खोकल्याने अंथरुणाला खिळले. खाणीचे निवृत्त कॅप्टन, म्हणजे खाणीवरचे मुख्य मुकादम, विधुर, मूलबाळ नाही, दगडी घर, आणि मृत्युपत्र केलेलं नाही! एका हातात बाटली, दुसऱ्या हातात कोरा कागद घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, किटो, बाटलीची एवढी खात्री आहे तर कागद कशाला आणलास रे? आजारात माणूस तिरसट होतो.
मग लव्हडेने दिलेला केशरी पाव पुढे केला. तो खाल्ला. कुणी केला, म्हणून विचारलं. दुसराही खाल्ला. त्यानंतर म्हणाले, बहिणीच्या हातून पाठवत असशील तर रोज घेईन तुझा काढा.
गिऱ्हाईक कसं वळवावं, हे माझ्याकडून शिकावं.

९ फेब्रुवारी.
लव्हडे रोज बाटली नेते. दोन-दोन तास लागतात. काढा घोटाघोटाने पाजावा लागत असणार. आज परतली ती गाल लाल, केसात कॅप्टनच्या अंगणातलं जिरेनियमचं फूल, आणि गुणगुणत होती. ऊन फार आहे. टोपी घालून जा, असं बजावलं.
नवल म्हणजे कॅप्टनची शेळी डिलायला! चार वर्षं नुसती बसून रवंथ करणारी ही बया आज चॅपलच्या छपरावर चढली. शिडी लावून उतरवावी लागली. घरात औषधाचा नुसता वास असला तरी जनावराला गुण येतो. जाहिरातीत घालायचं.

१२ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.
जेवण बाजूला ठेवून आधी हे लिहितो.
आपल्यात मयत दफनभूमीपर्यंत गात नेतात. कॅप्टननी आपल्या मयतीची चाल केव्हाच निवडून ठेवली आहे. गाणाऱ्यांचा म्होरक्या टोबायस नॅन्कारो. ऐन वेळी फजिती नको, म्हणून त्याने आज चॅपलमध्ये हळू आवाजात तालीम लावली. पण गावात खर्जाचा खरा आवाज एकच, तो कॅप्टनचा. बाकीचे भरकटले. दार उघडलं आणि नाइटशर्ट अन् बूट घातलेले कॅप्टन आत आले! म्हणाले, टोबायस, माझ्या मयतीला असं रेकणार असाल तर मी येणार नाही.
मग स्वतः खर्जात उभे राहून तीनदा म्हणवून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग वाजवाव्यात की नाही ते कळेना, म्हणून थांबले. लव्हडेने हात धरून त्यांना घरी नेलं. अजून अशक्तपणा आहे.
काढ्याचा विजय! पण माणूस असा ठणठणीत झाला तर मृत्युपत्र कधी करणार? मनाला स्पष्ट विचारलं. मन म्हणालं, कॅप्टननी शंभर वर्षं जगावं, फक्त आधी सही करावी. यात गैर काय?
जाहिरात सुचली: 'किटोंचा काढा! रुग्ण आपल्याच मयतीच्या तालमीला पायी गेला!' नॅन्कारोला वाचून दाखवली. तो म्हणाला, पुन्हा एकदा विचार करा. गाणाऱ्यांना वाङ्मय कळत नाही.

१७ फेब्रुवारी.
जाहिरात लावून चार दिवस झाले. काढा कुणी नेला नाही. मिसेस ट्रेम्बाथ कोंबड्यांच्या खुराड्यासाठी खिळे मागायला आल्या. खिळे कुठल्या डब्यात असतात ते लव्हडेला माहीत, आणि लव्हडे कॅप्टनकडे. बाईंना म्हटलं, आलाच आहात तर मृत्युपत्र करून जा. त्या म्हणाल्या, तुमच्या दुकानात खिळ्यांची वाट बघताना मरेन तेव्हा करीन. गेल्या.

२० फेब्रुवारी.
कॅप्टनचं बोलावणं! चांगला कोट घालून गेलो. ते दाढी करून खुर्चीत बसलेले. म्हणाले, एक कागद करायचाय, विश्वस्त म्हणून तुलाच नेमीन म्हणतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आणखीही बरंच बोलले. लव्हडेचं नाव होतं, बुधवारचा काहीतरी उल्लेख होता, घरातला वडील म्हणून तुझी संमती हवी, असंही म्हणाले. मी बोर्डावर विश्वस्त हा शब्द मोठ्या अक्षरांत कसा बसवायचा या विचारात होतो. सगळ्याला हो म्हणालो.

२४ फेब्रुवारी, बुधवार.
लव्हडेचं लग्न झालं. कॅप्टनशी. अकरा वाजता, चॅपलमध्ये.
गाणाऱ्यांनी मयतीचीच चाल म्हटली. दुसरं काही बसलेलं नव्हतं. जरा जलद घेतली. नवऱ्या मुलाने खर्ज लावला.
केक खाताना मी कॅप्टनना विचारलं, खोकल्याचं काय? म्हणाले, खोकला तर पहिल्या आठवड्यातच गेला, पण उठून बसलो असतो तर ही कशाला आली असती रोज? आणि काढा? डिलायलाला विचार, म्हणाले, तिचा फार जीव आहे त्यावर.
लव्हडेला म्हटलं, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, दादा, तू एकदा तरी विचारायचंस, बाटली पोचवायला दोन तास का लागतात. सांगितलं असतं मी.
हे खरं आहे. विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी.
कागद हातात आला. दोन साक्षीदार, लाल लाखेचं सील. 'आम्ही उभयता महिनाभर ॲडलेडला असताना आमची शेळी डिलायला हिचे विश्वस्त म्हणून श्री. जेबेझ किटो यांना नेमीत आहोत.'
कायद्याने चोख आहे. शब्द पाळला गेला, कुणीही नाकारू शकत नाही. लव्हडे म्हणाली, बोर्ड राहू दे दादा, पण एप्रन मात्र घाल. तिने तो इस्त्री करून खुंटीला लावला. दिवसभर दुकानातल्या एकेका डब्यावर चिठ्ठ्या चिकटवत होती. म्हटलं, कशाला हे, मला माझं दुकान माहीत आहे.
घोडागाडी चारला सुटली. मी हात हलवला. डिलायलानेही पाहिलं.

१ मार्च, सोमवार. दुपार.
विश्वस्तगिरीचा पहिला दिवस. डिलायला दुकानात बांधली. नऊ वाजता तिने दोर खाल्ला. दहा वाजता कागद खाल्ला, लाखेसकट. म्हणजे आता मी कायद्याने तिचा कोणीही नाही. तिला हे समजावून पाहिलं, ती काउंटरपाशी येऊन बाटलीची वाट बघत उभी राहिली. दिली. काढ्याचं एवढं एकच गिऱ्हाईक.
अकराला मिसेस ट्रेम्बाथ आल्या. खिळे हवेत. डब्यांकडे वळलो तर चिठ्ठ्या गायब. खळ पिठाची होती, डिलायलाने खालच्या दोन्ही फळ्या चाटूनपुसून साफ केल्या होत्या. साठ-सत्तर डबे, सगळे सारखे. बाईंना तीन वाजता यायला सांगितलं.
एप्रन घातला. डबे उघडत बसलो. बटणं, मेणबत्त्या, वाटाणे. लव्हडेची फार आठवण येते. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही, एक चिठ्ठी शिल्लक सापडली. वाटलं, सापडले खिळे. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दादा, शोधणं पुरे. आधी जेवून घे.'
चिठ्ठीखाली केशरी पाव होता, फडक्यात बांधलेला. अर्धा मी खाल्ला, अर्धा डिलायलाने.
तीन वाजत आले. खिळे अजून सापडलेले नाहीत.