पुजलेलं यंत्र

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. २३ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. नंदिनी हिस,

आईचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना आमचा नमस्कार. चिमीला एक पापा, आणि दात येताहेत म्हणून आणखी एक. तिचा फोटो अण्णांनी पेढीवर गल्ल्याच्या मागे लावलाय. गुळाचा भाव विचारायला आलेल्या माणसाला आधी नातीचा फोटो बघावा लागतो.

दसरा छान झाला. श्रीखंड घरीच केलं. चक्का बांधायला तुझी जुनी ओढणी घेतली, रागावू नकोस. तशीही ती तू इथंच टाकून गेली होतीस. शेजारची अंबूबाई देवळात गर्दी फार म्हणून मला हाताला धरून न्यायला आली आणि दोन पावलांवर स्वतःच हरवली. शेवटी मीच तिला शोधून घरी आणली.

तू प्रत्येक पत्रात अण्णांच्या श्वासाच्या यंत्राचं विचारतेस, तर ऐक. मे महिन्यात तू तो डबा घेऊन आलीस तेव्हा मला वाटलं, बाजाची पेटी आणलीस की काय. त्याची ती जाड नळी, नाकावर बसवायचा तो मुखवटा, डोक्याला आवळायचे पट्टे. तू सिडनीला परत गेल्यावर पहिले दिवस फार वाईट गेले. नाकाला वळ उठायचे, तोंड जरा उघडलं की वारा फुस्सकन बाहेर. अण्णा म्हणायचे, "सायकलीच्या ट्यूबमधी भरत्यात तशी हवा भराय लागलंय ह्ये मला." पण तू सांगून गेली होतीस तसं रोज थोडं थोडं लावत गेले आणि पावसाळ्यात सवय झाली. आता झोपेत श्वास थांबणं नाही, दचकून उठणं नाही. गेल्या हंगामात भर सौद्यात डुलकी लागून यांची मान हलली आणि समोरच्या व्यापाऱ्यानं तो होकार धरला, ते तुला ठाऊक आहे. आता दुपारीसुद्धा टक्क जागे असतात. आपले आकाराम दिवाणजी म्हणतात, "मालक जागं झाल्यापास्नं आमची झोप उडाली की."

खंडेनवमीला नेहमीसारखी विळी, कोयती, पेढीचा तराजू, माझं शिलाई मशीन, अण्णांची स्कूटर, सगळं पुजलं. तुझ्या यंत्रालाही पाटावर बसवून हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. अंबूबाईनं विचारलं, हे कसलं हत्यार. मी म्हटलं, श्वासाचं.

एक सांगायचं राहिलं. घाबरून जाऊ नकोस. दसऱ्याला आपल्या पेढीची रीत आहे ना, आपल्याकडे गूळ घालणाऱ्या कोडोलीच्या सयाजीला नव्या हंगामाचा विडा द्यायला जायची, तसे हे जेवण करून स्कूटरवर निघाले. कोडोलीच्या अलीकडे यांना डुलकी लागली. कडेनं बयाबाई म्हणून सयाजीच्या भावकीतली म्हातारी वैरणीचा भारा घेऊन चालली होती, तिला स्कूटर लागली. यांना नुसतं खरचटलं. तिचा पाय मोडलाय. प्लास्टर घातलंय. आम्ही भेटून आलो. यांनी तिचे पाय धरले तर तीच म्हणाली, "तुमचा काय दोष न्हाय वो मालक. भाऱ्यामुळं मलाच म्हातारीला मागचं काय दिसत न्हवतं."

यंत्र असून डुलकी कशी लागली असं तू विचारशीलच. तर आदल्या रात्री झोपेत यांनी मुखवटा ओढून काढला होता. सकाळी मला तो खाली पडलेला दिसला. तू म्हणाली होतीस ना, काही लोकांना तशी सवय असते. तसंच झालं असणार.

बाकी सर्व क्षेम. दिवाळीच्या करंज्या तुझ्यापर्यंत पोचवता येत नाहीत याचं वाईट वाटतं. काळजी करू नकोस.

तुझी,
आई


शाहूपुरी, कोल्हापूर
ता. १८ नोव्हेंबर १९८८

नंदिनी,

आशीर्वाद आहेतच, पण आज पत्राला नेहमीची सुरुवात करवत नाही. तुझं पत्र परवा आलं. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "पोरगीबी तेच म्हनती. मग ठरलं."

तू लिहिलंस त्यात तुझं काही चुकलं नाही. झोपेत मुखवटा ओढून टाकणाऱ्या माणसाचा त्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, मग गळ्याला भोक पाडून नळी बसवणं हाच मार्ग, असं पुण्याचे डॉक्टरही म्हणाले. तुळशीची लग्नं आटोपली की या म्हणालेत. बॅगसुद्धा बाहेर काढून ठेवलीय. भर सौद्यात ज्या गळ्यानं हे भाव पुकारतात, आवाज चढवतात, त्या गळ्याला भोक. हे मात्र सगळ्यांना सांगत सुटलेत की दुसऱ्या कुणाचा पाय मोडण्यापेक्षा आपला गळा कापलेला बरा.

मुखवटा यांनी काढला नव्हता. मी काढला होता.

पूजा झाल्यावर मी सांगितलं होतं, पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, आजची रात्र राहू द्या. आमची वादावादी झाली. हे म्हणाले, "श्वासाला कसली आलीया खंडेनवमी? देवी काय सांगती, एक दिस श्वास घेऊ नगासा?" आणि पाटावरनं यंत्र उचललं, धोतराच्या सोग्यानं त्याचं कुंकू पुसलं आणि लावून झोपले. मला संताप आला. यांचा डोळा लागल्यावर मी पट्टे सोडवले, बटण बंद केलं, यंत्र परत पाटावर ठेवलं आणि फूल वाहिलं.

इतकं सांगून सणावर ढकलता आलं असतं. आई जुन्या वळणाची, चालायचंच, असं म्हणून तू मला माफही केलं असतंस. पण मी एवढी सोवळ्यातली बाई नाही, तुला माहीत आहे. खरं कारण सांगायला मला लाज वाटते.

तुला कळायला लागल्यापासून तू मला रात्री जागताना बघितलंस. यांचं घोरणं चालू असलं की मला झोप, थांबलं की जाग. श्वास अडकला की कोपरानं ढोसायचं, कुशीवर वळवायचं, तो सुटल्याचं ऐकलं की डोळे मिटायचे. दिवसा कुणी म्हटलं, लीलाताई डोळे का ओढलेत, तर मी सांगायची, यांचा श्वास राखत होते. त्यात कुरकुर होती तशी ऐटही होती, गं. या माणसाला मी जगवते असं मला वाटायचं. तू एक डबा आणलास आणि माझं ते काम गेलं. हे तिकडं तोंड करून शांत झोपायचे. सकाळी उठून म्हणायचे, नंदीनं मला जिवंत केलं. इतकी वर्षं कोण जागलं, हे एकदाही नाही म्हणाले.

त्या रात्री मला वाटलं, एक रात्र मी राखीन. पहिल्यासारखी.

आणि मी झोपले. नंदिनी, मी ढाराढूर झोपले. त्या यंत्रानं मला पण झोपेची सवय लावली होती, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा जाग आली. शेजारी हे घामानं भिजलेले, ओठ काळसर, चेहरा सुजल्यासारखा. मी हलवलं तर तांबारलेल्या डोळ्यांनी बघत म्हणाले, "मुखवटा कुठाय?" मी म्हणाले, "झोपेत तुम्हीच ओढून टाकलासा. मी उचलून ठेवला." एका दमात म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही.

तशाच जड अंगानं हे दुपारी स्कूटरवर बसले. मी दारात उभी राहून स्कूटरचा हार सारखा केला. आज जाऊ नका, एवढे तीन शब्द मला बोलता आले असते.

त्यानंतरचं तुला कळवलंच नाही. आपण झोपेत काय करतो ते आपल्यालाच कळत नाही, या भीतीनं यांची झोप उडाली. हात उशीखाली दाबून झोपायचे. मग पंच्यानं हात बांधून झोपायला लागले. गाठ मारायला मलाच सांगायचे, आणि मी मारायची. हात बांधले की यांचा जीव घाबरा व्हायचा, धडपडून गाठ सोडवून मुखवटा खरंच काढायचे. दिवाळीच्या आधी यंत्र गुंडाळून कपाटावर ठेवलं. पेढीवर पुन्हा पेंगतात. आकाराम दिवाणजी यांना जाग यावी म्हणून समोरचा तराजू आवाज करून सरकवतात. स्कूटर विकून टाकली. बयाबाईकडे दर आठवड्याला एस.टी.नं जातात, घरातनं गूळ आणि दूध नेतात, आणि येताना तिची माफी मागून येतात.

हे सगळं मी बघत होते. रोज वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, सणासुदीचं नको, पाहुणे आहेत, यांचा पित्ताचा त्रास वाढलाय. खोटं बोलणं एका दमात झालं, खरं बोलायला मात्र चांगला दिवस हवा होता मला.

इथवर काल लिहिलं आणि हात थांबला. हे पत्र तुला मिळेस्तोवर इकडे यांचा गळा कापून झाला असता. मग तुला लिहिण्यात अर्थ काय? तुला लिहिणं सोपं, तू समुद्रापलीकडे आहेस. ज्यांना सांगायचं ते बाहेरच्या खोलीत शेंगा फोडत बसले होते.

मी जाऊन समोर बसले. म्हटलं, "खंडेनवमीला मुखवटा मी काढला. तुम्ही न्हाय." यांना आधी कळलंच नाही. पुन्हा सांगितलं. का काढला, तेही सांगितलं. मी झोपले, तेही. हे शेंगा फोडतच राहिले. फोलपटं ताटात आणि दाणे खाली पडायला लागले तेव्हा मला कळलं की यांनी ऐकलंय.

मग म्हणाले, "आनि मी हात बांधून झोपत हुतो, ते बघत हुतीस?"

"व्हय."

"गाठ तूच मारलीस की."

"व्हय."

मला वाटलं, ओरडतील. यांचा आवाज तुला माहीत आहे, चिडले की पलीकडच्या गल्लीत ऐकू जातो. पण ओरडले नाहीत. ताट बाजूला सरकवलं आणि उठून कपाटावरनं यंत्र खाली घेतलं. त्यावरची धूळ पुसली. त्याच्या बुडाला एका कोपऱ्यात कुंकू राहिलं होतं, ते नखानं खरवडून काढलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बयाबाईला तू सांगायचं. मी संगं येतो. पन बोलायचं तू."

मी बरं म्हणाले. उद्याच्या एस.टी.नं आम्ही जातोय. पुण्याच्या डॉक्टरांना येत नाही म्हणून यांनी तार केलीय. आठ दिवस यंत्र लावून बघतो आणि मग भेटून सगळं खरं सांगतो, असं ठरवलंय. हात बांधायचे नाहीत. तुझ्या हातचं एक पत्र यांना येऊ दे, सवय पुन्हा कशी लावायची ते नीट लिही. मला वेगळं काही लिहू नकोस. तुला माझा राग येणार, तो येऊ दे. मला तो सोसायला हवा.

संध्याकाळी यांनी ज्ञानू वायरमनला बोलावून घेतलं. यंत्राचा प्लग आजवर माझ्या उशाशी होता. तो काढून यांच्या बाजूच्या भिंतीत, पलीकडे बसवून घेतला. ज्ञानूनं विचारलं, मालक, हितं तर पलंगामागं हात घालून बटण दाबाय लागंल, तिकडंच बरं हुतं की. हे म्हणाले, "हितंच बसीव. हिचा हात पोचाय नगो." ज्ञानूला वाटलं, म्हाताऱ्यांची थट्टा चाललीय. तो हसला. हे हसले नाहीत. मी त्याचं स्टूल धरून उभी होते.

आता यंत्र चालू आहे. यांचा श्वास एकसारखा येतोय. मी ऐकतेय, पण तो आता माझ्याकडे राखायला दिलेला नाही.

हातातलं काम गमावलेली,
तुझी आई